वाचक विचारतात: वाळोबा, सव्वानऊची गाडी आणि नेस्बिटबाई

मागच्या अंकात मी ई. नेस्बिटच्या 'फाइव्ह चिल्ड्रन अँड इट'वर जेमतेम अर्धं पान लिहिलं, आणि त्यावर जेवढी पत्रं आली तेवढी मी दिवाळी अंकांवर लिहिते तेव्हासुद्धा येत नाहीत. ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी दोन ओळीत सांगते. १९०२चं पुस्तक. पाच भावंडं, त्यातलं धाकटं अजून मांडीवरचं, केंटमध्ये राहायला येतात, घराजवळच्या रेतीच्या खाणीत ऑस्ट्रेलियापर्यंत बोगदा पाडायचा म्हणून खणायला लागतात आणि आतून एक केसाळ, चिडका, हजारो वर्षांचा म्हातारा प्राणी निघतो, त्याचं नाव सॅमिअड. तो रोज एक इच्छा पुरी करतो, सूर्य मावळला की इच्छेचं सगळं गायब, आणि प्रत्येक इच्छा मुलांच्या अंगाशी येते. बस, एवढंच. आता पत्रं.

"माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, मराठी शाळेत आहे, इंग्लिश बरं आहे पण हे पुस्तक उघडलं आणि दुसऱ्या पानावर बंद केलं. म्हणाला, आई यात सगळे जुने पैसे आहेत आणि काही कळत नाही. काय करू?" (एक आई, मुलुंड)

ताई, त्याला एकट्याला वाचायला देऊच नका. हे पुस्तक मासिकात आलेलं आहे, स्ट्रँड मासिकात, ज्यात शेरलॉक होम्स यायचा तेच, आणि दर महिन्याला एक प्रकरण म्हणजे एक इच्छा आणि तिचा बट्ट्याबोळ असा हिशोब आहे, त्यामुळे एका रात्री एक प्रकरण तुम्ही मोठ्याने वाचायचं, इंग्लिश डोळ्यांनी आणि मराठी तोंडाने. पहिल्या दिवशी अडखळायला होतं, तिसऱ्या दिवशी जमतं. मी दर रविवारी आमच्या सोसायटीच्या ऑफिसात दहाबारा पोरं गोळा करून असंच वाचते, वर पंखा खडखडत असतो, वॉचमन दारात उभा राहून ऐकतो.

पैशांचं म्हणाल तर तीच खरी गंमत आहे, ती सोडू नका. दुसऱ्या प्रकरणात मुलं म्हणतात आम्हाला सोनं पाहिजे, आणि ती सगळी खाण सोन्याच्या गिनींनी भरून जाते, खिसे फाटेपर्यंत नाणी भरतात, गावात जातात, आणि एक दुकानदार घेईल तर शपथ! कारण त्या आहेत 'स्पेड गिनी', तिसऱ्या जॉर्ज राजाच्या काळातल्या, १७८७ ते १७९९च्या, आणि गिनी हे नाणं १८१४नंतर पाडलंच नाही. १९०२मधल्या दुकानदाराला पोरांच्या हातात मूठभर जुनं सोनं दिसल्यावर तो काय म्हणणार, कुठून ढापलंत? पोरं घोडागाडी विकत घ्यायला जातात आणि पोलीस स्टेशनात पोचतात. मी हे रविवारी समजावून सांगत होते, शिलिंग म्हणजे बारा पेनी, पाउंड म्हणजे वीस शिलिंग, गिनी म्हणजे एकवीस, पोरांचे चेहरे कोरे, तेवढ्यात मागून एक सातवीतली मुलगी म्हणाली, "मॅडम, म्हणजे आजीच्या डब्यात सापडलेल्या जुन्या पाचशेच्या नोटा." झालं, सगळ्यांना कळलं. वॉचमनलासुद्धा.

तर ताई, शिलिंग-पेनीचं गणित बाजूला ठेवा, त्याला २०१६ची गोष्ट सांगा आणि पुढे वाचा. आणि घरात कोणी आजोबा असतील, १९५७च्या आधी आणे मोजलेले, तर त्यांना बारा-वीसच्या हिशोबाचं काहीच वाटणार नाही, सोळा आण्यांचा रुपया आणि चार पैशांचा आणा त्यांनी तोंडी केलाय.

"ई. नेस्बिट म्हणजे बाई की बुवा? आमच्या ग्रुपवर पैज लागली आहे." (दादर)

बाई. एडिथ. पैज हरलात तर वाईट वाटून घेऊ नका, एच. जी. वेल्ससारख्या लेखकालाही आधी तो पुरुषच वाटला होता.

"मी पश्चिम रेल्वेवर मोटरमन होतो, आता रिटायर्ड. नातीने 'द रेल्वे चिल्ड्रन' हातात दिलं, तीन दिवसात संपवलं, दोनदा डोळ्यात पाणी आलं. त्यातली रेल्वे खरी कुठली? आणि लाल कापड दाखवून गाडी थांबवणं वगैरे बाईंना कसं माहीत?" (परळ)

काका, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. ज्यांनी वाचलं नाही त्यांना सांगायला हवं की हे पुस्तक १९०६चं, त्यात जादू नाही. रॉबर्टा, पीटर, फिलिस ही तीन मुलं, वडिलांना एका रात्री दोन माणसं घेऊन जातात, देशाची गुपितं रशियाला विकल्याचा खोटा आरोप, पण मुलांना ते माहीत नाही, आणि आई मुलांना घेऊन गावाला रेल्वे लाइनच्या कडेला एका घरात राहायला जाते, गोष्टी लिहून संसार चालवते.

खरी रेल्वे कुठली यावर दोनचार गावं भांडतात. बाई स्वतः लहानपणी केंटमधल्या हॉल्स्टेड गावात तीनेक वर्षं राहिल्या आणि तिथून जवळच रेल्वे होती, त्यामुळे त्या गावाचा दावा मला पटतो. १९७०चा सिनेमा मात्र यॉर्कशरमध्ये काढला, किथली-वर्थ व्हॅली लाइनवर, ओकवर्थ स्टेशनवर, म्हणून पुष्कळ लोकांना गोष्टही तिथलीच वाटते.

पण मला काका तुमच्याशी दुसरंच बोलायचंय. पुस्तकात मुलं गाड्यांना नावं देतात, सव्वानऊची अप गाडी म्हणजे 'ग्रीन ड्रॅगन', हिरवा राक्षस म्हणा, आणि त्यातून रोज एक म्हातारे गृहस्थ जातात, मुलं कुंपणावरून हात हलवतात, ते वर्तमानपत्र हलवतात. आता हे मुंबईकराला समजवायला लागतं का? आपण तर माणसांनाही गाडीच्या टायमाने ओळखतो, 'ती आठ बाराची वाली', 'तो नऊ तेवीसचा विंडो सीटवाला', नाव गाव काही माहीत नसतं पण चार दिवस दिसला नाही तर जीव खालीवर होतो. बाईंनी ही ओळख बरोबर पकडली आहे, रोज दिसणाऱ्या पण कधी न बोललेल्या माणसाची, आणि पुढे मुलांना जेव्हा मदत लागते तेव्हा ती त्याच माणसाकडे मागतात.

लाल कापडाचं प्रकरण तर तुम्हाला पाठच झालं असेल. डोंगराचा कडा झाडांसकट लाइनवर सरकतो, गाडी यायची वेळ झालेली, आणि मुलींचे लाल फ्लॅनेलचे पेटीकोट फाडून सहा झेंडे करतात. पावसाळ्यात खंडाळ्याला किंवा कसाऱ्याला दरड आली की आपल्याकडे जी पळापळ होते ती ज्याने पाहिली त्याला ते पान वाचताना छातीत धडधडतं. पण मला त्यात सगळ्यात आवडतं ते नंतरचं, गाडी थांबते, सगळे वाचतात, आणि रॉबर्टा तरीही झेंडे हलवतच राहते, थांबता येत नाही तिला, आणि मग बेशुद्ध पडते. थरार तर कोणीही लिहील, गाडी थांबल्यावरही न थांबणारे हात बाईंना दिसले.

रशियन निर्वासिताचं पात्र आहे ना, स्टेशनवर उतरलेला, भाषा कुणाला कळत नाही असा? तसली माणसं बाईंच्या घरी येऊन जाऊन असायची. स्टेपन्याक नावाचा क्रांतिकारक त्यांच्या ओळखीतला होता आणि तो १८९५मध्ये लंडनमध्येच रूळ ओलांडताना गाडीखाली गेला. तुम्ही मोटरमन, या वाक्यावर काय वाटलं असेल ते मला कळतंय, म्हणून अजून काही लिहीत नाही.

आणि हो, नातीला विचारा जॅम आणि बटरचं वाक्य सापडलं का. आई सांगते, जॅम किंवा बटर, दोन्ही एकदम नाही, असली उधळपट्टी आता परवडत नाही. अख्खी गरिबी एका पोळीवर, आय मीन पावावर, मांडली बाईने.

"हॅरी पॉटर वाचलेल्या पिढीला हे कशाला वाचायला सांगता? आणि 'मुलांसाठी फँटसी लिहिणारी पहिली' असं तुम्ही लिहिलं ते चूक आहे, ॲलिस आधीचं आहे." (माटुंगा, बी.ए. इंग्लिश, दुसरं वर्ष)

चूक मान्य. ॲलिस १८६५चं, 'वॉटर बेबीज' त्याच्याही दोन वर्षं आधीचं, परीकथा लिहिणारे जॉर्ज मॅकडोनल्ड आहेतच. पहिली नाही. मग काय केलं बाईने? तोपर्यंत जादू बघायला कुठेतरी जावं लागायचं, बिळात पड, पाण्यात बुड, वाऱ्याच्या पाठीवर बस. नेस्बिटने जादूला घरी बोलावलं, आणि घर तसंच ठेवलं! स्वयंपाकीण तशीच चिडकी, जेवणाची वेळ तीच, नवीन फ्रॉकवर चिखल उडाला तर बोलणी तीच. 'आम्ही दिवसासारखे सुंदर होऊ दे' अशी पहिली इच्छा मागतात पोरं, होतात सुंदर, आणि मार्था नावाची घरची बाई त्यांना ओळखतच नाही, दार लावून घेते, दिवसभर उपाशी. परीकथेतली राजकन्या सुंदर झाली की तिला राजपुत्र मिळतो, इथे सुंदर झाल्यावर जेवण मिळत नाही.

हेही पूर्ण स्वतःचं नव्हतं बरं का, एफ. ॲन्स्टी नावाच्या माणसाने १९००मध्ये बाटलीतला जिन लंडनच्या एका साध्या आर्किटेक्टच्या गळ्यात मारून धमाल उडवली होती आणि त्याचं ऋण बाईंवर दिसतं. पण ते मोठ्यांसाठी होतं. मुलांच्या खोलीत, भांडणं, सर्दी आणि शिळ्या मटणासकट जादू आणून बसवली ती हिने.

पॉटरचं विचारशील तर रोलिंगबाईंनी स्वतः सांगितलंय की आपल्याला सगळ्यात जवळची वाटणारी लेखिका नेस्बिट. 'नार्निया' लिहिणाऱ्या सी. एस. लुईसचं तर विचारू नकोस. त्याने आत्मचरित्रात लिहिलं की सॅमिअडच्या तीन पुस्तकांतल्या तिसऱ्याने, 'द स्टोरी ऑफ द ॲम्युलेट'ने, आपल्याला सगळ्यात जास्त दिलं, आणि नार्नियाच्या एका भागाच्या सुरुवातीलाच नेस्बिटच्या 'ट्रेझर सीकर्स'मधल्या बॅस्टेबल मुलांचं नाव घेतलं. आणि ते कपाट! लुईसच्या कपाटातून मुलं बर्फात जातात ना, तर नेस्बिटची १९०८ची एक छोटी गोष्ट आहे, 'द आंट अँड अमाबेल', शिक्षा म्हणून खोलीत कोंडलेली मुलगी रेल्वेचं टाइमटेबल चाळत बसते, त्यात एक स्टेशन सापडतं, 'बिगवॉर्डरोबइनस्पेअररूम', सगळं जोडून एकच शब्द, आणि पाहुण्यांच्या खोलीतल्या मोठ्या कपाटाचं दार उघडलं तर आत प्लॅटफॉर्म. ट्युटोरियलमध्ये वापर, मार्क मिळाले तर कळव.

लुईसचं मत मला मात्र अर्धंच पटतं. 'ॲम्युलेट' भव्य आहे, इजिप्त, बॅबिलोन, ब्रिटिश म्युझियमच्या वॉलिस बज या विद्वानाकडे जाऊन विचारून लिहिलेलं, पुस्तकही त्यालाच अर्पण केलंय, बॅबिलोनची राणी लंडनमध्ये येते आणि म्युझियममध्ये आपले दागिने बघून 'हे माझे आहेत, परत करा' म्हणते. हे आपण मुंबईत बसून वाचताना जरा जास्तच गोड लागतं, कारण तिथल्या काचेच्या कपाटांत आपलंही बरंच काही आहे. पण हसायला पहिलं पुस्तकच, आणि दुसरं 'द फिनिक्स अँड द कार्पेट', १९०४चं, ज्यात सेकंडहँड गालिचा विकत घेतला तर आतून फिनिक्सचं अंडं घरंगळतं, आणि गालिच्याला 'तुझ्या गावाकडचं काहीतरी छान आण' सांगितल्यावर तो १९९ पर्शियन मांजरी आणतो. सगळ्या उपाशी. त्यांच्या खाण्याची सोय कर म्हटल्यावर उंदीर आणतो! चाळीच्या एका खोलीत १९९ मांजरी डोळ्यापुढे आण आणि मग मला विचार हे कशाला वाचायचं.

"मी शाळेत शिकवते. पुस्तक आवडलं पण त्यात जिप्सी, 'रेड इंडियन', रानटी लोक असले उल्लेख खटकले. शिवाय लेखिकेच्या खाजगी आयुष्याबद्दल जे वाचलं त्यामुळे मुलांना सांगावं की नाही असं झालं." (गिरगाव)

मॅडम, दोन वेगळे प्रश्न आहेत, आधी पहिला. खटकतं ते खटकलंच पाहिजे. ते साम्राज्याच्या भरातलं इंग्लंड आहे आणि बाई समाजवादी असूनही त्या हवेतूनच श्वास घेत होती, 'ॲम्युलेट'मध्ये लंडनच्या शेअरबाजारातल्या ज्यूंची केलेली चेष्टा तर आज वाचवत नाही. मी वाचताना तिथे थांबते, पोरांना सांगते हे त्यांनी चुकीचं लिहिलं, आणि पुढे जाते, लपवत नाही. हिंदुस्थानही येतो तिच्या पुस्तकांत. गालिचावाल्या पुस्तकात मुलं इथल्या एका राणीच्या महालात येऊन धर्मादाय विक्रीसाठी वस्तू घेऊन जातात, राणी आपली कंटाळलेली, दागिन्यांनी मढलेली, म्हणजे इंग्लिश माणसाच्या डोक्यातला हिंदुस्थान. त्यापेक्षा मला 'द स्टोरी ऑफ द ट्रेझर सीकर्स'मधला विनोद आवडतो, १८९९चं पुस्तक, सहा भावंडं, वडिलांचा धंदा बुडालेला. त्यांच्याकडे 'इंडियन अंकल' जेवायला येणार असतात, 'पुअर' असा शब्द कानावर पडतो, आणि पोरं समजतात हा बिचारा गरीब रेड इंडियन, म्हणून आपल्या खाऊच्या पैशातून त्याला मदत करतात. तो असतो हिंदुस्थानात गबर झालेला म्हातारा. पैसा कुठून आला हे बाईने विचारलं नाही, पण आपण विचारू शकतो, आणि सहावीच्या वर्गात विचारून बघाच.

दुसरा प्रश्न. नवरा ह्यूबर्ट ब्लँड, १८८०मध्ये लग्न, तेव्हा बाई सात महिन्यांच्या गरोदर. लगेच नवऱ्याला देवी आल्या आणि तो आजारी असताना धंद्यातला पार्टनर भांडवल घेऊन पळाला. तान्हं मूल, घरात पैसा नाही, म्हणून शुभेच्छापत्रं रंगव, कविता पाड, जे मिळेल ते लिही. पुढे ॲलिस होटसन नावाची मैत्रीण घरी राहायला आली, तिला ह्यूबर्टपासून दोन मुलं झाली आणि ती दोन्ही मुलं एडिथने आपली म्हणून वाढवली. १९००मध्ये त्यांचा पंधरा वर्षांचा मुलगा फेबियन टॉन्सिलच्या साध्या ऑपरेशननंतर घरातच गेला. आणि दोन वर्षांनी सॅमिअडचं पुस्तक आलं, ते अर्पण आहे जॉन नावाच्या छोट्याला, म्हणजे ॲलिसच्या मुलाला.

आता यातलं मुलांना काय सांगायचं? मी फक्त पैशांचं सांगते. वीस वर्षं पोटासाठी लिहिलं आणि चाळिशी उलटल्यावर पहिलं यश मिळालं, हे मुलांना लगेच कळतं, आणि मग 'रेल्वे चिल्ड्रन'मधली आई गोष्ट विकली गेली की चहाबरोबर बन आणते ते वाचताना पोरं हळूच हसतात. बाकीचं मोठी झाल्यावर वाचतील. तुम्हाला स्वतःला राग येत असेल तर येऊ दे, मलाही येतो, ह्यूबर्टचा. आणि एडिथचाही थोडा, कारण एवढी धडाडीची बाई, केस कापलेले, सैल झगे, हातात कायम सिगारेट, फेबियन सोसायटी या समाजवाद्यांच्या संघटनेची १८८४मधल्या सुरुवातीपासून सभासद, आणि बायकांच्या मताधिकाराला मात्र पाठिंबा नाही! माणसं अशीच असतात, कपाटात नीट घडी घालून बसत नाहीत.

"मला हे मराठीत करायचंय, आधी शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी नाटक आणि जमलं तर पुस्तक. कॉपीराइटचं काय? आणि सॅमिअडला मराठीत काय म्हणू? वाळूपरी बरं वाटत नाही." (गोरेगाव)

कॉपीराइटची चिंता नको. आपल्याकडे लेखक गेल्यावर साठ वर्षं हक्क राहतो, बाई ४ मे १९२४ला गेल्या, म्हणजे मूळ इंग्लिश पुस्तकं केव्हाच मोकळी झाली, इंटरनेटवर फुकट आहेत, बिनधास्त करा. फक्त दुसऱ्या कोणाचं तयार भाषांतर, नवीन चित्रं किंवा सिनेमाची पटकथा उचलू नका, त्यांचे हक्क वेगळे.

नावाचं मात्र बोलू. सॅमिअडच्या इंग्लिश स्पेलिंगमधला (Psammead) पहिला 'पी' मुका आहे, सायकॉलॉजीसारखा, ग्रीकमध्ये वाळूला जो शब्द आहे त्यावरून बाईंनी बनवलंय, ड्रायड, नायड या तिकडच्या वनदेवता-जलदेवतांच्या चालीवर. म्हणजे नावात थट्टा आहे, नाव देवतेचं आणि ध्यान बघावं तर डोळे गोगलगाईसारखे शिंगांवर, कान वटवाघळाचे, पोट कोळ्यासारखं गरगरीत, हातपाय माकडाचे. वाळूपरी म्हटलं की पोरांना पंख आणि झगमग दिसते. आमच्या रविवारच्या टोळीत यावर अर्धा तास मारामारी झाली, रेतासूर झालं, वाळूमामा झालं, आणि मग एका पोराने म्हटलं 'वाळोबा'. म्हसोबा, खंडोबा, वेतोबा, तसा वाळोबा! मला एकदम पटलं, कारण हे लोक चिडके असतात, मान लागतो, आणि नवसाला पावतात. वापरा, आमचं नाव टाकायची गरज नाही.

आणि मराठीत आणताना एक गोष्ट विसरू नका जी आपल्याकडे आयती आहे. आजी सांगायची ना, तिन्हीसांजेला वाईटसाईट बोलू नये, वास्तुपुरुष तथास्तु म्हणत असतो? अख्खं पुस्तक त्या एका वाक्यावर उभं आहे. पोरं वैतागून धाकट्याबद्दल बोलून जातात की कोणालातरी हवा असता हा तर आपल्याला जरा शांतता मिळाली असती, तोंडातून निघालं आणि वाळोबाने फुगून पोट सोडलं, आणि मग वाटेत भेटेल तो माणूस बाळ पळवायला बघतो. कुंभकर्णाची जीभ वळली आणि इंद्रासनाचं निद्रासन झालं ही गोष्ट ज्या पोरांना माहीत आहे त्यांना नियम समजावून सांगावे लागत नाहीत. नाटकात आजीचं एक पात्र घाला, पहिल्याच प्रवेशात तिच्या तोंडी तथास्तुचं वाक्य द्या, बास, बाकी आपोआप होतं.

स्टेजवर करायला सोपा प्रवेश हवा असेल तर मुलं पंख मागून उडतात तो घेऊ नका, दोऱ्या तुटतात (अनुभव आहे, एका शाळेत पडदाच खाली आला). त्यापेक्षा 'द एन्चँटेड कॅसल'मधला, १९०७, अग्ली-वग्लींचा. मुलं नाटक करतात, प्रेक्षक कमी, म्हणून जुने कोट, छत्र्या, झाडू, उश्या घेऊन माणसं बनवतात, कागदाचे तोंडवळे रंगवतात, खुर्च्यांवर बसवतात. मग चुकून इच्छा मागितली जाते आणि हे प्रेक्षक टाळ्या वाजवतात. रुमाल कोंबलेल्या हातमोज्यांनी. मग त्यातला एक उठून बोलतो, पण तोंडात टाळूच नाही त्यामुळे नुसते स्वर बाहेर पडतात, तो अत्यंत सभ्यपणे राहायला चांगलं हॉटेल विचारत असतो. मी रविवारी ते मराठीत असं केलं: "ए आ अं, आं अ अं ऑ ए उ अ आ आ?" पोरं आधी खो खो हसली, मग मी तेच हळू आवाजात, अगदी नम्रपणे, पुन्हा म्हटलं, आणि पुढच्या रांगेतली दोघं उठून मागे जाऊन बसली. एखादं चांगलं हॉटेल सुचवाल का, एवढंच वाक्य आहे ते.

"वाळोबा खरा आहे का? असेल तर आता कुठे असेल? मला भेटायचंय. मी चौथीत आहे." (पत्ता लिहिलेला नाही, अक्षर चांगलं आहे)

बाळा, जुहूच्या वाळूत खणू नकोस, तिथे तो राहणार नाही. त्याला पाण्याची भयंकर भीती. पूर्वी एकदाच त्याच्या वरच्या डाव्या मिशीच्या बाराव्या केसाचं टोक ओलं झालं होतं, अजून दमट हवेत तिथे दुखतं म्हणतो. आपल्याकडे जूनपासून त्याचं काय होईल तूच विचार कर.

पण तिसऱ्या पुस्तकात तो मुलांना कुठे सापडतो माहितीये? लंडनमध्ये, एका पशुपक्ष्यांच्या दुकानात, पिंजऱ्यात, दुकानदाराला तो खरूज झालेलं म्हातारं माकड वाटतो आणि कोणीच विकत घेत नसतं. म्हणून कधी क्रॉफर्ड मार्केटला गेलास तर पोपट आणि मासे बघून झाल्यावर मागच्या अंधाऱ्या पिंजऱ्यात पण बघ. एखादं मळकं, केसाळ, रागावलेलं काहीतरी अंग आखडून बसलं असेल तर त्याचे डोळे लांब शिंगांवर आहेत का बघ. असतील तर ओरडायचं नाही. नमस्कार करायचा, 'अहो' म्हणायचं, तो लहान नाहीये. आणि बाबा बरोबर असतील तर त्यांना आधीच बजावून ठेव की आत असताना 'काय उकडतंय, पाऊस पडला तर बरं होईल' असलं काही मोठ्याने बोलायचं नाही.